मण्यांचा रुंद गळपट्टा सपाट का बसत नाही? (मासाई, एन्देबेले, नागा आणि आजचे 'ट्रायबल' डिझायनर दागिने)

मणिमाला | सोम, ११:२०

प्रदर्शनांत आणि इन्स्टावर सध्या 'ट्रायबल कलेक्शन' नावाखाली मण्यांचे रुंद गोल गळपट्टे फार दिसतायत. काही खरोखर विणलेले, काही नुसते फेल्टवर चिकटवलेले. किमती काही शेकड्यांपासून वीस हजारांपुढेही. हा प्रकार घरी नीट करायचा म्हटलं तर मराठीत माहिती जवळपास नाही, म्हणून धागा काढतेय. जाणकारांनी हात मोकळा सोडून लिहावं.

माझं माप असं: आतला घेर ४० सेंमी, पट्ट्याची रुंदी ५ सेंमी, मागे मोकळा. ११ नंबरचे चेक (चेक प्रजासत्ताकातले) काचमणी, २६ गेजची पितळी तार, एकाबाहेर एक कडी. दर कडीला चार मणी वाढवले की सहाव्या-सातव्या कडीपासून पट्टा वाटीसारखा वर उचलला जातो.

प्रश्न तीन. वाढ किती हवी? तार बरी की दोरा? आणि असा पट्टा विकायचा झाला तर त्याला 'मासाई' (केनिया-टांझानियातली जमात) म्हणावं का?

सुईदोरा | सोम, ११:५२

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ भूमितीत आहे. गोल जेवढ्याने बाहेर सरकतो त्याच्या ६.२८ पट घेर वाढतो. आतला घेर ४० असो की ६०, वाढ तीच.

११ नंबरच्या चेक मण्याचा व्यास साधारण २.१ मिमी, म्हणजे दोन कड्यांमधलं अंतर २.१. गुणिले ६.२८ = १३.२ मिमी. हा मणी छिद्राच्या दिशेने चपटा असतो, इंचाला सतरा-अठरा बसतात, म्हणजे एकाची लांबी सुमारे १.४५ मिमी. १३.२ भागिले १.४५ = नऊ. पूर्ण गोल, टेबलावर सपाट पडणारा पट्टा हवा असेल तर दर कडीला नऊ मणी वाढले पाहिजेत. तुम्ही चार वाढवताय, वाटी होणारच. बारा वाढवले तर उलट झालर पडेल.

नऊ मणी एकाच जागी घालू नका. घेराचे नऊ भाग पाडून प्रत्येकात एक, आणि पुढच्या कडीत त्या जागा थोड्या सरकवा. तारेवर सरळ ओवताना फरक पडत नाही, पण नक्षी असेल किंवा दोऱ्याने विणत असाल तर एकाच रेषेत वाढ आली की तिथे कोपरा येतो आणि गोलाचा नऊकोनी होतो.

टवाळ_पोपट | सोम, १२:०५

शाळेत 'पाय'चा आयुष्यात काय उपयोग असं विचारणाऱ्या समस्त बाकांना हा प्रतिसाद छापून वाटावा. वाचनखूण साठवली.

काचमणी | सोम, १३:३०

सुईदोरांच्या गणितात एकच भर: २.१ हा आकडा पुस्तकी धरू नका, हातातला माल मोजा. चेक मणी हँकमध्ये येतात. एका हँकमध्ये साधारण २० इंची बारा सर, ११ नंबरचे चार हजारांच्या आसपास मणी, वजन ३५ ते ४० ग्रॅम. एकाच हँकमध्ये जाड-बारीक मिसळलेले असतात. मोजायची पद्धत: दहा छोटे सर शेजारी शेजारी चिकटवून ठेवायचे, पट्टीने एकूण रुंदी घ्यायची, दहाने भागायचं. लांबीसाठी एक सर ताणून इंचात किती बसतात ते मोजायचं. लाल आणि पांढरा वेगळ्या लॉटचे असतील तर रंगागणिक आकडा बदलतो, आणि बऱ्याच पट्ट्यांत एकाच रंगाची कडी फुगलेली दिसते ती यामुळेच.

जपानी मण्यांचा हिशेब वेगळा. मियुकी या जपानी कंपनीचा डेलिका म्हणजे सरळ नळीचा तुकडा, १.६ मिमी व्यास, १.३ लांबी, छिद्र मोठं, भिंत पातळ, ग्रॅमला दोनशेच्या आसपास. एकसारखेपणामुळे सपाट पट्टी, ब्रेसलेट, चौकटीवरची नक्षी यांत त्याला तोड नाही. पण गोलाकार, वळणाऱ्या कामात तो आडवा येतो: कडा सरळ असल्याने दोन मण्यांमध्ये फटी उघड्या पडतात. तिथे चेकचा गोलसर मणीच बरा. मासाई किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू कामाची ती किंचित ओबडधोबड चमक डेलिकाने कधीच येत नाही. अनेक डिझायनर महागडा डेलिका वापरतात आणि मग 'जिवंतपणा कमी वाटतो' म्हणून खडे जोडत बसतात.

नंबर जितका मोठा तितका मणी लहान, हे नवख्यांसाठी. ८ नंबर सुमारे ३ मिमी, १५ नंबर दीड मिमी.

नैऋत्य_मोसमी | सोम, १४:४८

मासाई पट्टा नुसत्या तारेवर उभा राहत नाही. त्याचं खरं हाड म्हणजे आडव्या पट्ट्या. केनिया-टांझानियातल्या बायका तारेच्या कड्या मध्यापासून बाहेर जाणाऱ्या चामड्याच्या अरुंद पट्ट्यांतून ओवून घेतात. आता बऱ्याच जणी प्लास्टिकच्या डब्यांचे काप वापरतात. पट्टी नसली तर कड्या एकमेकींवर चढतात आणि कितीही अचूक वाढ दिली तरी काम लोळतं.

मणिमालाताईंच्या मापासाठी: दीड मिमी जाड चामडं, ५.५ सेंमी लांब आठ पट्ट्या, प्रत्येकीत २४ भोकं. दोन भोकांमधलं अंतर मण्याच्या व्यासाएवढंच ठेवा. इथेच सगळे फसतात. अंतर २.० घेतलं आणि मणी निघाला २.२, तर चोवीस कड्यांत जवळजवळ पाच मिमीची दाटी साठते. बाहेरच्या कड्या दबतात, पट्टा पिळवटतो, आणि माणूस उगाच वाढीचं गणित पुन्हा पुन्हा तपासत बसतो. पट्टीची जाडी एका मण्याएवढी असते, म्हणून प्रत्येक कडीतून आठ मणी वजा करा.

२६ गेज (०.४ मिमी) या रुंदीला लेची पडते. २४ गेज (०.५) घ्या. सगळ्यात आतली आणि सगळ्यात बाहेरची कडी ८ नंबरच्या मण्यांत २२ गेजवर केली की आकार धरून राहतो, फक्त त्या दोन भोकांजवळ अंतर वाढवायचं. लोखंडी तार नको, घामाने गंजते आणि पांढऱ्या मण्यांतून तांबूस डाग दिसतो. पितळ हिरवं पडतं, लॅकर दिलेलं किंवा स्टेनलेस बरं.

एकूण माल, पूर्ण गोल धरून: सुमारे नऊ हजार मणी, १५ मीटर तार. वाया जाणारं धरून तीन हँक घ्या.

कोपऱ्यातला | सोम, १५:१०

तारेऐवजी मासे पकडायची नायलॉन दोरी चालेल का? घरात पडून आहे.

सुईदोरा | सोम, १५:४१

एकेरी जाड नायलॉन नको. ते ताणतं, आणि काही महिन्यांनी मण्यांच्या मधून दोरा डोकावायला लागतो. शिवाय उन्हाने ठिसूळ होतं. मासेमारीचीच पण अनेक बारीक तंतूंची पॉलिएथिलीनची दोरी, फायरलाइन वगैरे, ही वेगळी. ती जवळजवळ ताणत नाही. ६ पौंड ताकदीची ११ नंबरच्या मण्याला, ४ पौंडाची १५ नंबरला. काळपट रंगाची असेल तर पांढऱ्या मण्यांना राखाडी डाग लागतो, आधी ओल्या फडक्यातून ओढून घ्या किंवा पारदर्शक घ्या. टोक चपट्या पकडीने दाबलं की सुईत जातं. चांगल्या कात्रीने कापू नका, धार जाते.

नायमो म्हणजे नायलॉनचाच, पण मऊ, चपटा दोरा. कापडावर, चामड्यावर शिवायला छान. आधी ताणून घ्यायचा, मग मधमाशीच्या मेणातून ओढायचा, नाहीतर फाटे फुटतात.

दोरा एका वेळी हातभर-दीड हात. जास्त घेतला की गाठी पडतात आणि शेवटचा तुकडा मण्यांच्या कडांनी घासून निम्मा झालेला असतो. सुई १० किंवा १२ नंबर. आणि कटदाण्याच्या नळ्या वापरत असाल तर प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एक गोल मणी घाला. नळीचं तोंड म्हणजे कापलेली काच, दोरा हमखास तुटतो.

गोधडी | सोम, १८:२२

तार नको असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या एन्देबेले बायकांची वीण बघा. ती आता जगभर हेरिंगबोन नावाने शिकवतात. दोन मणी घ्यायचे, खालच्या ओळीत शेजारच्या मण्यातून खाली, त्यापुढच्यातून वर. मणी जोडीने तिरके बसतात, त्यामुळे वीण लवचीक राहते आणि वाढ सहज लपते: एका फेरीत दोन जोड्यांच्या मधे एक मणी, पुढच्या फेरीत तिथेच दोन, त्यापुढे ती जोडी स्वतंत्र रांग धरते. ताण फार घट्ट ठेवला तर तिरकेपणा मरतो आणि कापड ताठ, फुगलेलं होतं.

पण एन्देबेलेंचे गळ्यातले जाड गोल या विणीचे नसतात. ते इसिगोल्वानी: गवताच्या वळकटीवर मण्यांचे सर गुंडाळलेले कडे, गळ्यात, हातात, पायात. आतला गाभा हलका असल्याने एवढी जाडी गळ्याला पेलते. नकला करताना लोक आत कापडी दोर किंवा रबरी नळी घालतात. दोर दबतो आणि मणी सैल पडतात. नळी बरी, पण बाहेरून चिकट पट्टी गुंडाळा, नाहीतर सर घसरतात.

पेठकर | सोम, १९:०५

हे सगळं ठीक. पण रविवार पेठेत बोहरी आळीत मण्यांची पाकिटं किलोच्या भावाने मिळतात. त्याच मण्यांचा पट्टा वीस हजारांना? नाव ट्रायबल आणि किंमत कार्पोरेट.

कडबोळी | सोम, १९:४०

पेठकर, मण्यांची किंमत धरू नका, हातांची धरा. ४ सेंमी रुंद, १६ सेंमी लांब डेलिकाचं साधं पेयोटी विणीचं (भिंतीतल्या विटांसारखे मणी बसवत जाणारी वीण) ब्रेसलेट म्हणजे सुमारे तीन हजार मणी, पंधरा ग्रॅम. सरावलेला हात तासाला दोन-अडीचशे मणी बसवतो. बारा ते पंधरा तास झाले. तासाला शंभर रुपये धरले तरी मजुरीच बाराशे-पंधराशे, आणि शंभर रुपये तास हा काही फार दर नव्हे. नऊ हजार मण्यांच्या विणलेल्या पट्ट्याचा हिशेब तुम्हीच करा. तारेवर ओवलेलं काम बरंच वेगाने होतं, म्हणून ते स्वस्त असायला हवं. फसवणूक होते ती इथे: तारेचं किंवा चिकटवलेलं काम विणलेल्याच्या भावाने विकलं जातं.

ओळखायचं कसं? उलटं करून बघा. विणलेल्या कामाची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. चिकटवलेल्याला मागे फेल्ट किंवा रेक्झिन असतं. कापडावर नीट शिवलेल्यालाही मागे अस्तर असतं, तेव्हा कडेला नखाने हलकं वर करा. शिवलेला मणी हलतो पण निघत नाही, चिकटवलेला हलतच नाही आणि हलला की निघतोच.

पेठकर | सोम, १९:५८

बरं, वीस हजारांवर गप्प बसतो. पण मुद्दा राहतो. ज्या बाईने ते केलं तिला यातले किती मिळतात?

सह्यकडा | सोम, २१:१५

पेठकरांना अनुमोदन, आणि यातूनच तिसरा प्रश्न सुटतो. 'मासाई गळपट्टा' म्हणून पुण्यात केलेली वस्तू विकू नये. तंत्र शिका, वापरा, पण नाव त्या लोकांचं आहे. अमेरिकेत १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानुसार मूलनिवासींनी केली आहे असं भासवून वस्तू विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नावाहो मूलनिवासींच्या शासनाने, नावाहो नेशनने, अर्बन आउटफिटर्स या कपड्यांच्या कंपनीवर २०१२ मध्ये 'नावाहो' नाव वापरल्याबद्दल दावा केला आणि २०१६ मध्ये तो तडजोडीने मिटला. आपल्याकडे 'ट्रायबल' शब्दाला असा कसलाच अडसर नाही, कोणीही काहीही लिहितं.

आणि कृपा करून 'लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे आकाश' असल्या चिठ्ठ्या जोडू नका. झुलू मण्यांच्या 'प्रेमपत्रां'बद्दल (रंगांतून निरोप देणारं मणीकाम) हेच झालंय. क्वाझुलू-नाताळमध्ये रंगसंगतीचे संकेत भागाभागानुसार बदलतात, म्सिंगा भागाचे वेगळे, दुसरीकडचे वेगळे. एकच रंगकोश छापून सगळ्या जगाला विकणं हा पर्यटकी प्रकार आहे.

काचमणी | सोम, २२:०२

सह्यकडा, चिठ्ठ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण नावावरून इतकं कडक होताना हेही बघा की काचमणी कोणा एकाचे कधीच नव्हते. मासाई मणी आजही मोठ्या प्रमाणात चेकमधल्या याब्लोनेत्सचे असतात. उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागात सुरुवातीला व्हेनिसचे जाड पोनी मणी, १८४० च्या सुमारास बारीक मणी पसरले. त्याआधी तिथे साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम होतं, त्याच्या नक्ष्या मण्यांत उतरल्या. आणि त्याही आधी आपल्या किनाऱ्यावरून, पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूच्या परंपरेतले ओढीव काचमणी हिंदी महासागरभर जात होते. दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वेच्या परिसरात असे मणी उत्खननात मिळालेत. तशी काच ओढून मणी करायचं काम आंध्रात पापानायडूपेटात आपल्या काळापर्यंत टिकलं.

तेव्हा मणी बाहेरचा, वीण तिथली, आणि दोन्ही मिळून शैली. 'शुद्ध आदिवासी' असं काही शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

सह्यकडा | सोम, २२:२०

मणी कुठला हा प्रश्नच नाही. व्हेनिसच्या मण्याने लाकोटांचं (अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात) काम व्हेनिसचं होत नाही. मी लेबलबद्दल बोलतोय. 'मासाई पद्धतीने, पुण्यात केलेला' असं लिहा, विषय संपला.

उगाच | सोम, २२:३१

धाग्याचं काश्मीर होण्याआधी एक पापभीरू शंका: आपल्या रुखवतातलं मण्यांचं बदक कोणत्या जमातीत मोडतं? (दिवे घ्या)

गोधडी | सोम, २२:५०

उगाच, थट्टा बाजूला ठेवा. ते बदक, दारावरचं मण्यांचं तोरण, टीव्हीवरचं आच्छादन हे सगळं चार मण्यांच्या चौकडीचं काम आहे: एकाच दोऱ्याची दोन टोकं, दोन सुया, तीन मणी घालून चौथ्यात दोन्ही सुया समोरासमोरून पार. तिकडे याच विणीला राइट अँगल वीव्ह म्हणतात, आणि एका सुईने करतात. अमेरिकेतल्या डेव्हिड चॅटने ती कलादालनापर्यंत नेली. बदक येणाऱ्या कोणालाही ही वीण अर्ध्या तासात येते.

फरक फक्त मालाचा. तोरणाला प्लास्टिकचे मोठे मणी आणि नायलॉन, म्हणून ते लटकतं. त्याच चौकडीत ११ नंबरचे काचमणी आणि न ताणणारा दोरा घेतला की कापडासारखं पडणारं, गळ्याभोवती वळणारं काम होतं. गोल वाढवायला बाहेरच्या चौकडीत वरच्या बाजूला एकाऐवजी दोन मणी घालायचे, म्हणजे चारची पाच.

टवाळ_पोपट | सोम, २२:५४

रुखवत आता एकदम काउचर झालं. मावशींना कळवतो, दर वाढवा.

ईशान्य_वारा | मंगळ, ०९:१०

नागा माळांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. तिथे प्रश्न विणीचा कमी आणि वजनाचा जास्त. अनेक पदर, मधे हाडाच्या किंवा शिंगाच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या, मागे शंखाचा तुकडा किंवा नाणं, आणि बांधायला वनस्पतीच्या धाग्याचा फास. लांबट लाल मणी कार्नेलियनचे, ते पिढ्यान् पिढ्या खंभातहून गेलेले. गुजरातेतल्या रतनपूरचा दगड, मडक्यात मंद आचेवर भाजून लाल केलेला.

आज 'नागा-इन्स्पायर्ड' म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा रेझिन असतं. दगड आणि काच गालाला गार लागतात आणि एकमेकांवर आपटल्या की खणखणतात. रेझिन कोमट, आवाज बद्द. तापलेली सुई छिद्राच्या आत टेकवली तर रेझिनला वास येतो. बाहेरून टेकवू नका, दुकानदार मारेल.

खरे दगडी मणी ओवताना काळजी: छिद्र दोन्ही टोकांकडून पाडलेलं असतं, मधे दोन भोकं जिथे मिळतात तिथे धारदार कंगोरा राहतो. दोरा तोंडाशी तुटत नाही, आत तुटतो आणि कळतही नाही. आतून हिऱ्याच्या कणांच्या बारीक कानशीने, पाण्याखाली धरून, कंगोरा घासून घ्या. नंतर नायलॉन चढवलेली ४९ पदरी स्टीलची तार, ०.४८ मिमी, आणि २×२ मिमीचे दाबमणी (पकडीने दाबून तार पक्की करणारे धातूचे मणी). प्रत्येक पदरात दोन-तीन मिमी ढील ठेवा. गच्च ओवलेली माळ गळ्यात वळत नाही, काठीसारखी उभी राहते आणि दाबमण्याशी तुटते.

मणिमाला | मंगळ, ०९:४४

खूप आभार सगळ्यांचे. रंगाबद्दल विचारायचं राहिलं. गुलाबी आणि सोनेरी मणी घामाने उतरतात असं ऐकलंय. विकत घ्यायच्या आधी कसं कळणार?

काचमणी | मंगळ, १०:२०

दुकानात कळत नाही, पन्नास ग्रॅम घेण्याआधी पाच ग्रॅम घ्या. तीन चाचण्या. काही मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रात्रभर, रंग उतरला तर वरून रंगवलेले. काही मणी अर्धे फॉइलने झाकून खिडकीत दोन-तीन आठवडे, गुलाबी आणि जांभळे इथेच नापास होतात. काही मणी साबणाच्या कोमट पाण्यात घोळवून पांढऱ्या फडक्यावर चोळा.

सोनेरी धातूचा थर दिलेले मणी गळ्याला घासून दोन महिन्यांत आतली काच दाखवतात. मियुकीचे ड्युराकोट आणि तोहो या दुसऱ्या जपानी कंपनीचे परमाफिनिश हे त्यातले टिकाऊ. आतून चांदी लावलेले चमकतात खरे, पण छिद्रात ओलावा गेला की काळे पडतात. लाल हवा असेल तर आतून पांढरा, वरून लाल काच असलेला मणी घ्या. छिद्राकडे बघितलं की पांढरा गाभा दिसतो. रंग काचेतच असल्याने कुठे जात नाही. जुन्या आफ्रिकी आणि अमेरिकी कामात हाच भरलेला असतो.

नदीपल्याड | मंगळ, १०:४५

अमेरिकेतून लिहितेय. एक छोटी भर, पिशव्या आणि पट्टे करणाऱ्यांसाठी: लाकोटांची लेन स्टिच. सुईवर सात-आठ मणी घेऊन चामड्यावर आडवा टाका, फक्त दोन्ही टोकांना शिवायचं, मधे मोकळं. त्यामुळे प्रत्येक पट्टी किंचित उचललेली दिसते. आठपेक्षा जास्त घेतले की मधला भाग लोंबतो आणि कशात तरी अडकून तुटतो. सुई चामड्याच्या आरपार न्यायची नाही, वरच्या थरातूनच, म्हणजे मागची बाजू स्वच्छ राहते आणि दोरा घासत नाही. बाजारचं क्रोम टॅन केलेलं चामडं यासाठी कडक पडतं, हरणाचं मऊ चामडं घ्या.

आणि 'पारंपरिक विरुद्ध डिझायनर' असे दोन डबे करू नका. कायोवा या मूलनिवासी समाजातली टेरी ग्रीव्ह्ज स्नीकर्सवर मणीकाम करते, जेमी ओकुमा उंच टाचांच्या बुटांवर. दोघी मूलनिवासी परंपरेतल्या आणि दोघी आजच्या. बॉल्टिमोरची जॉइस स्कॉट पेयोटी विणीत अख्खी शिल्पं आणि गळपट्टे करते, तिला २०१६ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. यांच्या कामात वीण वाकते, फुगते, मुद्दाम वाटी होते.

पेठकर | मंगळ, ११:०२

'मुद्दाम वाटी होते' हे मणिमालाताईंनी लेबलवर छापून घ्यावं. प्रश्नच मिटला.

नैऋत्य_मोसमी | मंगळ, ११:३८

पेठकर थट्टा करतायत, पण मूळ प्रश्नात एक मुद्दा राहिलाच आहे. सुईदोरांचा नऊचा आकडा टेबलासाठी बरोबर, गळ्यासाठी नाही. खांदे उतरते असतात. नऊच्या वाढीचा पट्टा अंगावर ताटलीसारखा आडवा उभा राहतो. मासाई बायकांना तेच हवं असतं, कारण नाचताना खांद्यांच्या हिसक्याने तो वर-खाली उडतो. साडीवर किंवा कुर्त्यावर तो हनुवटीला लागेल.

खांद्याचा उतार ३० अंश धरा. घेराची वाढ त्याच्या कोसाइनएवढी, म्हणजे ०.८७ पटच लागते. शिवाय ताईंचा पट्टा मागे मोकळा आहे. आठवा भाग मोकळा ठेवला तर वाढही सात-अष्टमांशच लागते, आणि मघाचे नऊ हजार मणीही त्या प्रमाणात कमी. ९ × ०.८७ × ०.८७५ = ६.९. दर कडीला सात मणी. चार खूप कमी, नऊ खूप जास्त.

खांदे जास्त उतरते असतील तर सहा. आधी पुठ्ठ्याचा किंवा जाड कागदाचा साचा कापून गळ्यावर ठेवा: आतली त्रिज्या ६.४ सेंमी, बाहेरची ११.४, मागून चीर. टोकं एकमेकांवर सरकवत खांद्यावर नीट बसेपर्यंत ओढा आणि स्टेपल मारा. तो साचा हेच तुमचं माप.

सुईदोरा | मंगळ, ११:५०

पटलं. मी ताईंच्या शब्दाप्रमाणे 'सपाट' धरून चाललो होतो. सात घ्या.

मणिमाला | मंगळ, १२:१५

साचा कापायला बसते. आठ पट्ट्या, २४ गेज, सात मणी, आणि लेबलवर 'मासाई पद्धतीने, पुण्यात केलेला'. मागची दोन टोकं कशी बंद करू? चोवीस तारांची टोकं बाहेर येतात आणि मानेला टोचतात.

नैऋत्य_मोसमी | मंगळ, १२:४०

शेवटची चामड्याची पट्टी दुहेरी करा. प्रत्येक तार पहिल्या पट्टीतून बाहेर काढून सहा मिमी ठेवा, गोल पकडीने छोटी कडी वळवा, सगळ्या कड्या एकाच दिशेला चपट्या दाबा, वर दुसरी पट्टी लावून कडेने शिवून टाका. चिकटवू नका, गोंद घामाने सुटतो आणि तारा परत टोचतात. बांधायला वरच्या कोपऱ्यात एकच बंद द्या. खालीही दिलात तर पट्टा मागे ओढला जातो आणि पुढून उचलतो.

पेठकर | मंगळ, १२:५२

२४ गेजची तार बोहरी आळीत सुटी मिळते, मीटरवर. पण १५ मीटर सलग मागा, तुकडे गळ्यात मारतात.

कोपऱ्यातला | मंगळ, १३:०५

आणि माझ्या नायलॉन दोरीचं काय करू?

टवाळ_पोपट | मंगळ, १३:०६

मासे पकडा.